हरकत नसल्यास

मी त्याला थँक्यू म्हणाले. सकाळी सकाळी, औषधाच्या दुकानात, चारचौघांत, अगदी स्वच्छ आवाजात, वर मान थोडीशी झुकवून. आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या म्हणून ऑफिसला जाता जाता थांबले होते. माझ्यापुढे एकच माणूस होता. निळा स्वेटर, मानेवरचे केस नीट कापलेले, हातात डॉक्टरची लांबलचक चिठ्ठी. तो मागे वळला, माझ्या हातातलं गोळ्यांचं रिकामं पाकीट पाहिलं आणि म्हणाला, "तुमचं एकच दिसतंय, माझी बरीच आहेत. घ्या तुम्ही आधी." मी म्हणाले, "थँक्यू." गोळ्या घेतल्या, पैसे दिले, बाहेर आले, रस्ता ओलांडला, बसस्टॉपच्या खांबाला हात लावला आणि मग कळलं की तो कोण होता. म्हणजे कळलं आधीच होतं. त्याने तोंड वळवलं तेव्हाच डोळ्यांनी ओळखलं होतं. पण डोळ्यांतलं तोंडापर्यंत पोचेस्तोवर तोंड बोलून मोकळं झालं. इतकी वर्षं परिषदांच्या टेबलांना बसून आभार मानत आलेलं तोंड ते. कोणी पाणी सरकवलं, कोणी कागद सरकवला, कोणी अख्खं कलम खोडून हातात दिलं, तरी आधी आभार. माननीय प्रतिनिधींच्या मोलाच्या सूचनेबद्दल आभार मानून मी असं नमूद करू इच्छिते. जळो ती जीभ.

त्याने मला ओळखलं नाही, आणि त्याचाच जास्त संताप येत होता. ओळखणार तरी कसा म्हणा. तो आमच्या घरी आला तेव्हा मी दाराआड उभी होते, शाळेच्या कपड्यांत, एका पायात मोजा आणि दुसरा सापडत नव्हता. दादा वीज मंडळात मीटर तपासायचा आणि कामगार संघटनेचा चिटणीस होता. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. हा तेव्हा पोलिसातला तरणाबांड अधिकारी. आवाज चढवला नाही, कशाला हात लावला नाही. आईकडे पाणी मागितलं, आईने दिलं, ते तो सावकाश प्यायला, "आभारी आहे, मावशी" म्हणाला आणि दादाला घेऊन गेला. तासाभरात आणून सोडतो म्हणाला. दादाची एक नाडी सुटीच राहिली होती, तो तसाच जिना उतरला. झालं. पुढे काहीच नाही. ना निरोप, ना खटला, ना पुरायला माणूस. मग सरकार बदललं, मग माफीचा कायदा आला, मागचं मागे टाकून सगळ्यांनी पुढे जायचं ठरलं, आणि हा पुढे जाऊन औषधाच्या दुकानामागच्या गल्लीत तळमजल्यावर राहायला आला. दारापुढे कुंड्या लावल्या. सगळ्यांना ठाऊक आहे तो कोण ते. लोक त्याच्याकडून रोपं मागून नेतात.

आईलाही ठाऊक आहे, म्हणून आई त्या रस्त्याने जात नाही. बाजार त्या गल्लीतून हाकेच्या अंतरावर, पण ही शाळेला वळसा घालून जाणार. गुडघे कुरकुरतात, वाटेत दोनदा भिंतीला टेकते, पण वळसा चुकवत नाही. भीती म्हणून नव्हे. "मी त्याला कोर्टातच भेटणार," म्हणते. "रस्त्यात भेटून काय होतं? भांडण होतं. लोक जमतात आणि आपल्यालाच गप्प करतात." जगातले देश मिळून एक कायमचं फौजदारी न्यायालय उभं करणार, ते कुठल्याही सरकारच्या माणसाला जाब विचारणार आणि आपली लेक त्या कामाला लागली आहे, हे तिला समजलं त्या दिवसापासून तिने साक्ष तयार करायला घेतली. रोज संध्याकाळी चहा झाला की स्वयंपाकघरातली ताठ पाठीची लाकडी खुर्ची खोलीच्या मधोमध ओढायची, केस सारखे करायचे आणि मला समोर बसवायचं. "तू त्याची वकील. घे उलटतपासणी." मी म्हणायचे, अगं आई, आज नको, डोकं उठलंय. "कोर्टात चालेल असं?" कोर्ट अजून झालेलं नाही, आई. "मग हात चालवा की जरा!" तिचं एकेक वाक्य मला पाठ आहे. कुठे थांबते, कुठे घसा साफ करते, तेही. एकदा मी वैतागून, निव्वळ तिने कंटाळावं म्हणून, पक्क्या वकिलासारखं विचारलं, "त्यांनी पाणी मागितलं आणि तुम्ही दिलंत. म्हणजे त्यांच्या येण्याला तुमची हरकत नव्हती, असं समजायचं का?" ती उठली, खुर्ची जागेवर ठेवली आणि माझ्याशी बोलेनाशी झाली. घरात फक्त भांडी बोलत होती. मग एका संध्याकाळी आपणच खुर्ची ओढून बसली. "विचार परत. उत्तर तयार आहे." मी विचारलं. "घरी आलेल्याला पाणी देतात," ती म्हणाली. "त्याने माणूस नेला. यात चूक माझी धरायची तर धरा."

हात चालवा म्हणे! जसं काही मी स्वेटर विणतेय. एका सभागृहात शंभरावर देश बसवले की काय होतं ते तिला कोण सांगणार? न्यायालय कुठल्या गावात असावं यावर एक अख्खा हिवाळा गेला. सरकारी वकिलाने आपणहून खटला भरायचा की आधी कोणाची परवानगी घ्यायची, आणि ज्याची परवानगी घ्यायची त्याचाच माणूस आरोपी असला तर काय, यावर शब्दाशब्दाचा कीस पडला. सगळं जुळत आलं तर तुरुंगावरून घोडं अडलं. न्यायालयाने स्वतःचा तुरुंग बांधावा की कोणाचा उसना घ्यावा? उसना घ्यावा यावर सगळ्यांचं एकमत, आणि द्यायला एकजण तयार नाही. आमच्या समोर एका बड्या देशाचे वकील बसायचे. उंच, वाकलेले, खिशात कायम खोकल्याच्या गोळ्या. दरवेळी हात वर करून म्हणायचे, "तत्त्वतः आमची हरकत नाही," आणि मग पुढचा अर्धा तास हरकत घ्यायचे. मी त्यांचं नाव 'तत्त्वतः' ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तर रागवायचं सोडून स्वारी फोनवर "तत्त्वतः बोलतोय" असं सांगायला लागली. अशा माणसावर चिडावं तरी कसं? माझा आवाज बसला की हेच गृहस्थ बोलता बोलता टेबलावरून एक गोळी माझ्याकडे सरकवायचे, आणि ती चघळत मी त्यांचाच मुद्दा खोडून काढायचे. असं एकमेकांना जेरीस आणत, शिव्या गिळत, परत परत त्याच खोलीत येऊन बसत आम्ही ते कोर्ट खरंच उभं करत आणलं होतं. त्यात एक कलम माझ्या गळ्यात पडलं.

कलम अगदी साधं आहे. न्यायालय सुरू झाल्यानंतर घडलेल्या गुन्ह्यांचेच खटले इथे चालतील. आधीच्या गुन्ह्यांचे नाहीत. त्या कलमावर सगळ्यांना एकत्र आणायचं काम माझं, मसुदा माझा, त्यातला शब्दन् शब्द माझा. मागचं उकरलेलं कोणालाच नको होतं, कारण प्रत्येक देशाचा एकेक माणूस कुठल्या ना कुठल्या औषधाच्या दुकानात रांगेत उभा आहे. त्याला आत घ्यायचं म्हटलं असतं तर एकाही सरकारने सही केली नसती आणि पुढच्यांसाठीही कोर्ट झालं नसतं. मला हे पटलं होतं. आजही पटतं. दिवसा मी ते कलम घासूनपुसून लखलखीत करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन उलटतपासणी घ्यायचे. आईला सांगायचं राहून जातंय, असं मी मनाशी म्हणत होते. राहून जायला ते काय दूध आणायचं होतं?

आज दुपारी बारा वाजता मुदत संपत होती. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. बोलून बोलून सगळे थकले की शेवटचा मसुदा सगळ्या देशांना पाठवायचा आणि खाली एक वेळ घालायची. या वेळेपर्यंत कोणी हरकत न घेतल्यास मसुदा मान्य झाला असे समजण्यात येईल. मतदान नाही, हात वर करणं नाही. नुसतं गप्प बसायचं. गप्प बसलात की मान्य. पण कोणी एकाने जरी एक ओळ लिहून पाठवली तरी मौन मोडलं, मग सगळं पुन्हा टेबलावर. आमच्या देशातर्फे बोलायचं की गप्प बसायचं हे माझ्यावर सोपवलेलं होतं. सचिवांनी मसुदा उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. "तुम्ही पाहिलाय ना? मग झालं," म्हणाले आणि जाताना दार ओढून घ्यायला सांगितलं. मी माझ्या खोलीत येऊन बसले. पर्समध्ये आईच्या गोळ्या. शेजारच्या खोलीत कोणीतरी स्टेपलर आपटत होतं. नाकात अजून औषधाच्या दुकानाचा वास, आणि कानात माझाच आवाज. थँक्यू. मी लिहायला घेतलं. 'माननीय अध्यक्षांचे आभार मानून.' खोडलं. 'आमच्या शिष्टमंडळाला खेदपूर्वक असे कळवावे लागते.' कसला डोंबलाचा खेद? खोडलं. शेवटी पडद्यावर तीनच शब्द उरले. आमची हरकत आहे. ते पाहून इतकं बरं वाटलं की मी खुर्चीत मागे टेकले. मला दिसत होती ती आमची स्वयंपाकघरातली खुर्ची, पण भल्यामोठ्या सभागृहात, आणि समोर तो, निळ्या स्वेटरमध्ये, आणि त्याला म्हणावं लागतंय, तुम्ही बोला आधी. पाठवायचं बटण तेवढं दाबायचं होतं.

फोन वाजला. "तत्त्वतः बोलतोय."

"बोला," मी म्हटलं. हात बटणावरच होता.

"बाई, एक विचारू? तुम्ही मौन मोडताय का?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी सगळ्यांनाच विचारतोय, तशी वरून आज्ञा आहे. आमच्याकडे थांबलेत हो सगळे. पहिलं आपण मोडायला नको, वाईट दिसतं. दुसऱ्या कोणी मोडलं की लगेच आपण आपले मुद्दे उघडायचे, असं ठरलंय. सगळेच्या सगळे. वकिलाच्या परवानगीचासुद्धा."

"म्हणजे कोर्टच बुडवायचं."

"बुडवायचं असं कोण म्हणतं? चर्चा चालू ठेवायची. तुमची आमची नातवंडं निवृत्त होईपर्यंत."

"आणि तुमची तत्त्वतः हरकत नाही."

"तत्त्वतः नाही हो, आज खरोखरच नाही," ते म्हणाले. मग त्यांच्या दाताखाली गोळी फुटल्याचा आवाज आला. "हे मी तुम्हाला सांगायला नको होतं. पण केस पिकले माझे त्या खोलीत. मी फोन केलाच नव्हता असं समजा."

फोन ठेवला आणि मला रडू आलं, रागाचं. म्हणजे माझ्या भावासाठी मी तोंड उघडायचं आणि त्याचा फायदा कोणाला, तर अशाच सगळ्या साहेब लोकांना, जे अजून घरोघर पाणी मागत हिंडताहेत. मला हरकत घ्यायचीसुद्धा सोय ठेवली नव्हती. मी हात मांडीवर घेतले आणि एकावर एक दाबून धरले. ते तीन शब्द पडद्यावर तसेच होते. पुसायला मन होईना, पाठवता येईना. बारा वाजले तेव्हा काहीही झालं नाही. जगाचं कोर्ट झालं आणि ते असं झालं, की कोणी काही बोललं नाही. शेजारचा स्टेपलर चालूच होता. थोड्या वेळाने अध्यक्षांचा निरोप आला, हरकत न आल्याने मसुदा मान्य, सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी गेले.

आई भांडी पुसत होती. मला भरदुपारी दारात पाहून म्हणाली, "काय गं, बरं नाही का?" मी गोळ्या टेबलावर ठेवल्या. म्हटलं, कोर्ट झालं, आई. तिच्या हातातलं फडकं थांबलं. तिचा चेहरा असा काही उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "झालं? अगं, मग अशी सुतकी काय उभी आहेस? कधी बोलावतील?" ती खुर्चीकडे निघालीसुद्धा. मग मी सगळं सांगितलं, एका दमात, तिने मध्ये थांबवू नये म्हणून. की कोर्ट आजपासून पुढच्यांसाठी आहे. मागचं त्यात येत नाही. दादाचं येत नाही. आणि ते कलम मीच लिहिलंय. सकाळी तो भेटला आणि मी त्याला थँक्यू म्हणाले, तेही सांगितलं. कशाला सांगितलं कोण जाणे.

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. मला वाटलं ती आता पुन्हा बोलणं टाकणार, आणि ते परवडलं असतं. पण ती एकदम चिडली. "मग मला इतकी वर्षं पाठ कशाला करायला लावलंस गं? रोज आपली प्रश्न विचारतेस! ते पाण्याचं विचारलंस, मी रात्र रात्र जागले त्या उत्तरापायी."

"आई, मी सांगणार होते."

"तू काय सांगणार? तुमचं सगळं गोडीगुलाबीचं." ती धापा टाकत होती. "पुढच्यांसाठी झालं ना पण? नक्की?"

"नक्की."

"ते बरं झालं. ते काही वाईट नाही झालं." तिने फडकं खुंटीला लावलं, केस सारखे केले. मग पायात चपला सरकवल्या. "माझ्याने फार वेळ उभं राहवत नाही. तू खुर्ची घे."

"कुठे निघालीस?"

"कोर्टात नाही तर रस्त्यात. माझं पाठ आहे ते मी काय करू?"

तिला अडवायला हवं होतं. रक्तदाब, वय, लोक काय म्हणतील. मी खुर्ची उचलली. जिन्यात खुर्चीचे पाय भिंतीला लागत होते, एका वळणावर रंगाचा टवका उडाला. रस्त्यात माणसं आमच्याकडे बघत होती, म्हातारी पुढे आणि मागे ऑफिसच्या कपड्यांत खुर्ची घेतलेली मी. औषधाच्या दुकानावरून गेलो. आई आजवर ज्या गल्लीच्या तोंडाशीसुद्धा आली नव्हती तिच्यात न थबकता शिरली. तो बाहेरच होता, झारीने कुंड्यांना पाणी घालत. त्याने मला पाहिलं आणि हसला. "अरे, सकाळी दुकानात भेटलो ना आपण? या ना. बसा, पाणी आणतो."

"पाणी नको," आई म्हणाली. मी खुर्ची त्याच्या फाटकासमोर रस्त्यावर ठेवली, डुगडुगत नाही ना पाहिलं. आई बसली, पाठ ताठ. तिने घसा साफ केला, जिथे करते तिथेच. मग स्वतःचं नाव सांगितलं, दादाचं नाव सांगितलं, त्याचा हुद्दा, आमचा तेव्हाचा पत्ता. नाव ऐकल्यावर त्याचं हसू राहिलं तसंच, फक्त त्यात कोणी नव्हतं. "हे पाहा मावशी, ते दिवसच असे होते की..." तो म्हणाला. "मध्ये बोलू नका," मी म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी कोणालाही म्हटलेलं नव्हतं. मागेपुढे काही न लावता ते तसंच तोंडातून बाहेर आलं आणि त्याने खरंच तोंड मिटलं. आई बोलत राहिली. बूट, नाडी, पाणी, आभारी आहे, तासाभरात. शेजारची एक बाई गॅलरीत कपडे वाळत घालत होती, ती ओलं कापड हातात घेऊन थांबली. सायकलवरून जाणारा कोणी उतरून उभा राहिला. मला प्रत्येक शब्द पाठ होता, तरी ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. मोजा सापडत नव्हता म्हणून मी दाराआड राहिले, हे तिच्या साक्षीत आहे. मला ते आजवर नुसतं वाक्य वाटायचं.

"एवढंच," आई म्हणाली.

मी सवयीने घड्याळ पाहिलं. "काही हरकत?" मी त्याला विचारलं. त्याच्या हातातली झारी कलली होती, पाणी बुटांवर पडत होतं. तो आईकडे पाहत नव्हता, माझ्याकडेही नाही, गॅलरीतल्या बाईकडे पाहत होता. मी वाट पाहिली. कोर्टात देतात त्याहून जास्त वेळ दिला असेल. झारी रिकामी झाली. तो काही बोलला नाही.

"काय म्हणाला?" आईने विचारलं. तिला हल्ली कमी ऐकू येतं.

"काही नाही म्हणाला."

"म्हणजे?"

"आमच्याकडे कोणी काही बोललं नाही तर ते मान्य धरतात, आई."

तिने यावर विचार केला. "लेखी देतात?"

"नाही."

"बघ, तुमचं मेलं सगळं अर्धवट," ती म्हणाली आणि माझ्या खांद्याला धरून उठली. मी खुर्ची उचलून घराच्या दिशेने वळले तर ती उलटीकडे चालू लागलेली. त्याच्या कुंड्यांना लागून, गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे.

"अगं, तिकडे कुठे?"

"बाजारात. आलोच आहोत तर इकडूनच जाऊ, जवळ पडतं."

"खुर्ची घेऊन?"

"असू दे," ती म्हणाली. "दमले तर बसेन."